शांत झोपतात

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही — आणि तिला तर काल माझ्या घरी कुठली भाजी होती तेसुद्धा माहीत असतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तरी मनात येतंच — तुमचा तरी काय भरवसा? ऐकाल आणि चार जणांत बोलाल. बोला. आता मी थांबणार नाही.

आधी माझा स्वभाव सांगते, नाहीतर पुढचं पटायचं नाही. मी संशयी आहे. नवी मुंबईत पावणे एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, चेकिंगच्या टेबलावर. पट्ट्यावरून स्ट्रिपा सरकत येतात. एखादीत गोळीच नाही, एखादीचा कागद सुटलेला — ती उचलून बाजूला टाकायची. सुपरवायझर सगळ्यांना सांगतो, ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही. दिवसभर खोट शोधायची सवय लागली की ती संध्याकाळी गेटवर ठेवून घरी येता येतं का? का मी नोकरीच्या आधीपासूनच अशी? आई म्हणायची, ही कार्टी देवाच्या प्रसादाचाही वास घेऊन बघते.

आमचे हे — विलास त्यांचं नाव, पण मी हेच म्हणते — कळंबोलीच्या लोखंड बाजारात हायड्रा चालवायचे. हायड्रा म्हणजे ती पिवळी क्रेन, सळ्यांचे बंडल उचलून ट्रेलरवर ठेवणारी. आम्ही दोघं साताऱ्याकडचे. लग्न झालं आणि कळंबोलीत आलो ते इथलेच झालो. एक हॉल, एक बेडरूम, एक मुलगी — प्राजक्ता.

ह्यांचं घोरणं पहिल्यापासूनचं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कौतुकाने सांगायच्या, ‘घोरतोय म्हंजे पोटभर जेवलाय आन् गाढ झोपलाय.’ आमच्याकडे असंच समजतात. घोरणारा माणूस सुखी माणूस. मला झोप आली नाही तर मीही मनात म्हणायचे, बघा, कसा कुंभकर्णासारखा पडलाय, ह्याला कसली काळजी.

चाळिशी ओलांडली, ह्यांचं पोट सुटलं, मान जाड झाली आणि घोरण्याने कळसच गाठला. खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारायचे, रात्रीचा ट्रेलर कोण चालू ठेवतं? सगळे हसायचे, हेही हसायचे. मग मी उशी उचलली आणि बेडरूममध्ये प्राजूजवळ झोपायला गेले. तिचा अभ्यास आहे, तिला सोबत हवी — असं सांगायला बरं. हे हॉलमध्ये दिवाणावर. मध्ये दार. पाहुणे आले की मी गुपचूप अंथरुणं बदलायचे, कारण नवरा-बायको वेगळे झोपतात हे कळलं की लोक भलतंच काही शोधत बसतात. मीही तेच केलं असतं.

त्यानंतर हे बदलायला लागले. की आधीच बदलले होते आणि मला दार लावल्यावर दिसलं? सकाळी उठले की चेहरा सुजलेला, डोकं धरून बसायचे. म्हणायचे, ‘झोपच झाली न्हाई गं.’ आता सांगा — रात्रभर भिंत हलेल एवढं घोरायचं आणि सकाळी म्हणायचं झोप झाली नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. कारण खोटं बोलणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी खुणा गोळा करायला लागले. रात्री तीन-तीनदा उठून बाथरूमला जायचे. गॅलरीत जाऊन उभे राहायचे, हातात मोबाइल. अंगातला बनियन घामाने भिजलेला, ऐन थंडीत. पूर्वी रविवारी प्राजूला घेऊन खाडीकडे फिरायला जायचे, ते बंद. माझ्याजवळ यायचंही बंद. बोलणं म्हणजे हो, नाही, बघू. काही विचारलं की खेकसायचे. मी म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

बाजारात एक कॅन्टीनवाली होती. माझ्यासारखीच चाळिशीतली, विधवा. ह्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करून पाठवायची, हे त्यांनीच मला कधीतरी सहज सांगितलं होतं. बस, मला तेवढं पुरलं. मी वन्संना फोन केला. जावेला केला. म्हटलं, तुमच्या भावाचं बाहेर काहीतरी आहे, रात्र-रात्र गॅलरीत उभा असतो, मला घरात मान नाही. रडलेसुद्धा. भावकीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? त्या वर्षी जत्रेला हे गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. म्हणाले, माणसं नीट बोलली नाहीत, काय झालंय कुणास ठाऊक. मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही.

आता त्या रात्रीचं सांगते. अजून मी मूळ गोष्टीला हात घातलेला नाही, मला कळतंय — पण ही रात्र सांगितल्याशिवाय ते सांगता येणार नाही.

मला त्यांचा मोबाइल बघायचा होता. तो त्यांच्या अंगठ्याने उघडायचा. मी हळूच दार उघडलं, हॉलमध्ये आले. हे उताणे पडलेले, घोरत होते. मी वाकून त्यांचा हात उचलला, अंगठा मोबाइलवर टेकवला — आणि घोरणं थांबलं. एकदम. मीही थिजले. म्हटलं, जागा आहे हा. कळलंय ह्याला. छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून वारा नाही. मी बघत राहिले. म्हटलं, श्वास रोखून सोंग घेतोय, बघतोय मी काय करते ते. आमचे सासरे म्हणायचे, झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. मीही हट्टाने तशीच उभी राहिले — बघू कोण आधी हार मानतं. आणि मग हे घशातून भयंकर आवाज काढून, पाण्यात बुडणारा वर येतो तसे, निम्मे उठून बसले. डोळे उघडले, पण त्यांना मी दिसलेच नाही. परत आडवे झाले. घोरायला लागले.

माझ्या हातात उघडलेला मोबाइल होता. त्यात काय सापडलं? बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ. रात्री-अपरात्री आवाज बंद करून हा माणूस बैल धावताना बघत होता. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, बाकीचं पुसून टाकलंय.

हे मी का सांगितलं? श्वास बंद पडताना मी बघितला होता, तोही हातभर अंतरावरून. हे लक्षात असू द्या.

पुढे एकदा जेवताना ह्यांनी भाकरी मोडली आणि मोडलेला तुकडा हातात घेऊन रडायला लागले. कारण काही नाही. प्राजू नववीत होती. रात्री मला म्हणाली, मम्मी, पप्पांना डिप्रेशन आलंय, शाळेत मॅडमनी सांगितलंय त्याबद्दल, दाखवू या. मी म्हटलं, डिप्रेशन मोठ्या लोकांना येतं, आपल्याला टेन्शन येतं. पण पोरगी हटून बसली. पनवेलच्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली तिनेच.

डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या. ह्यांना खूप काही विचारलं. मग ह्यांना बाहेर बसवलं आणि मला आत थांबवलं. मला वाटलं, आता संसाराचं विचारणार. मी उत्तरं तयार ठेवली होती — कॅन्टीनवाली, गॅलरी, सगळं. पण त्यांनी भलतंच विचारलं.

‘तुम्ही शेजारी झोपता, म्हणून तुम्हाला विचारते. घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबतो का? आणि मग गुदमरल्यासारखे दचकून उठतात का? त्यांना स्वतःला हे आठवणार नाही.’

आणि त्यांनी समजावून सांगितलं. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो. श्वास अडला की मेंदू घाबरून जागा करतो, क्षणभरच, माणसाला पत्ताही नसतो. पुन्हा झोप, पुन्हा अडतो. रात्रभर हेच. बाहेरून वाटतं गाढ झोपलाय, आणि आतून झोप अशी झालेलीच नसते. सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, चिडचिड. असं महिनोन्महिने चाललं की मनही खचतं. आणि खचलेल्या मनाची झोप आणखी बिघडते. म्हणून विचारते, त्या म्हणाल्या, कारण तसं असेल तर आधी झोपेची तपासणी करावी लागेल, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही.

मला तिथल्या तिथे सगळं कळलं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ती रात्र, तो थांबलेला वारा, तो आवाज, भिजलेला बनियन, गॅलरीत येऊन हवा घेणं, झोप झाली नाही म्हणणं — सगळं एका ओळीत उभं राहिलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही ना? नाही सुटलं.

आणि मी म्हटलं, ‘नाही हो. शांत झोपतात.’

झालं. हेच ते. एवढंच सांगायचं होतं आणि त्यासाठी मी तुम्हाला केवढं फिरवलं.

पण का? पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते की लाज वाटली. शेजारी झोपत नाही हे कबूल करावं लागलं असतं, अंगठ्याचं सांगावं लागलं असतं. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. मी ‘हो’ म्हटलं असतं तर हा माणूस निर्दोष ठरत होता. आजारी, बिचारा. आणि मग मी कोण? वन्संना, जावेला, अख्ख्या भावकीला रडून सांगणारी मी कोण? त्यांनी गुन्हा केलेला असणं मला जास्त सोयीचं होतं. नवरा की माझं खरं ठरणं — ह्यातलं मी काय निवडलं ते तुम्ही ऐकलंच आहे.

डॉक्टरबाईंनी मान डोलवली आणि लिहून घेतलं. त्यांचा काय दोष? मी सांगितलं त्यावर त्या चालल्या. उदासीच्या गोळ्या दिल्या, सोबत झोपेची एक. झोपेची गोळी देताना त्यांनी पुन्हा विचारलं, झोपेत श्वास अडत नाही ना नक्की? मी म्हटलं, नक्की.

त्या गोळीने हे लवकर झोपायचे. आणि दाराच्या आत मी जागी. घोरणं, मग गप्प. पूर्वीपेक्षा जास्त वेळ गप्प. माझा हात प्राजूच्या पांघरुणावर आवळलेला असायचा. मग तो आवाज यायचा आणि मी श्वास सोडायचे. सकाळी ठरवायचे, आज फोन करते डॉक्टरांना. चहा उकळेपर्यंत विचार बदललेला असायचा. असं एक दिवस नाही — प्राजूची नववी संपली, दहावी झाली, अकरावीला ॲडमिशन झालं, एवढा काळ. दर वेळी डॉक्टर गोळी बदलायच्या, डोस वाढवायच्या, आणि हे बाहेर येऊन म्हणायचे, माझ्यातच काहीतरी खोट हाय.

त्याच काळात बाजारात एका दुपारी बंडल वर उचललेलं असताना ह्यांना डुलकी लागली. सळ्या सरकल्या आणि ट्रेलरच्या कडेला पडल्या. खाली कोणी नव्हतं. नव्हतं म्हणून मी आज हे सांगतेय. शेठने भला माणूस म्हणून काढलं नाही, पण मशीनवरून उतरवलं आणि गेटवर पास फाडायला बसवलं. हायड्रा चालवणारा माणूस, बाजारात त्याला ‘उस्ताद’ म्हणायचे. गेटच्या खुर्चीवर ज्या दिवशी बसले त्या दिवशी घरी येऊन बूटही काढले नाहीत, तसेच दिवाणावर बसून राहिले. मी काय केलं असेल? जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. प्यायलाय का बघायला. एवढं माहीत असूनही.

एका संध्याकाळी अगदी साध्या आवाजात म्हणाले, ‘मी नसलो तर तुमच्या दोघींचं बरं चालंल.’ प्राजूने ऐकलं आणि ती त्यांना बिलगली. मी गॅसपाशी उभी होते. मला भीती वाटली, खरंच वाटली. आणि त्याच वेळी मनाने काय म्हणावं? नाटक. मी ती रात्रभर जागी राहिले, सुऱ्या आणि गोळ्या उचलून बेडरूमच्या कपाटात ठेवल्या. पण जे सांगायला हवं होतं ते नाही सांगितलं. सुऱ्या लपवणं सोपं होतं.

शेवटी वाचा कुणी फोडली? आत्यांनी. आणि गंमत बघा — त्यांना मीच बोलावलं होतं. भावकीतून त्यांच्या कानावर लेकाचं लफडं गेलं होतं. आत्या पोराला धाकात ठेवायला, म्हणजे पाळत ठेवायला आल्या. हॉलमध्ये दिवाणाशेजारी सतरंजी टाकली आणि म्हणाल्या, बघतेच रात्रीचं कुणाला फोन लावतोय त्ये. सकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. रात्रभर झोपल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘अगं, ह्येचा शिवास ऱ्हातोय की मधीच. मी दोनदा हलवून उठीवला. बाईचं काय सांगत बसलीस, हे न्हाई दिसलं व्हय तुला?’

मी म्हटलं, आत्या, मी दिवसभर कंपनीत उभी असते. पडले की मेल्यासारखी झोपते.

त्या स्वतः डॉक्टरकडे आल्या. त्यांनी श्वास कसा थांबतो ते तोंडाने करून दाखवलं. डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघत होत्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. तपासणी झाली, अंगाला वायरी लावून एक रात्र झोपवलं. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या वेळा झोप तुटते त्यात माणूस उभा राहतो हेच नवल. मग झोपेत घसा मिटू न देणारं मशीन आलं — नाकावर मास्क, नळी, बारीक घूं घूं. पहिले काही दिवस ह्यांनी वैताग केला, मास्क फेकला, पुन्हा लावला. एका सकाळी उठले आणि विचारलं, नाश्त्याला काय हाय? किती वर्षांनी विचारलं होतं. मी पोहे करता करता ओट्याला धरून उभी राहिले.

सगळंच गेलं असं नाही. उदासीची एक गोळी अजून आहे, काही दिवस अजून अंधारून येतात. पण हे हसतात, प्राजूशी भांडतात, शेठने पुन्हा हायड्रावर घेतलंय. मी बेडरूममधून उशी परत आणली. शेजारी झोपते.

आणि भावकीत? मी खरं सांगितलं असेल असं वाटतं तुम्हाला? वन्संनी विचारलं, त्या बाईचं काय झालं? मी म्हटलं, जाऊ दे, तो विषय संपला. म्हणजे विषय होता, असंच झालं ना? वन्सं म्हणाल्या, तुझं मन मोठं म्हणून टिकला संसार. गावाकडे आजही हे सुधारलेले आहेत आणि मी क्षमा केलेली आहे. त्या कॅन्टीनवालीला ह्यातलं काही माहीत नाही. निदान नसावं.

हे मात्र चार लोकांत माझं नाव घेतात. मागे प्राजूच्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाले, हिनं सांभाळलं म्हणून मी हाय. प्राजू माझ्याकडे बघत होती. ती त्या सगळ्या रात्री माझ्या शेजारी होती. ती झोपलेली होती का, हे मी तिला विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यातलं सांगते आणि संपवते. झोपायच्या आधी हे दिवाणावर बसून मास्कचा पट्टा सैल करत होते. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘गुदमरल्यावानी एवढा आवाज व्हायचा म्हणते आय. तुला कधी ऐकूच न्हाई आलं?’

मी म्हटलं, ‘नाही.’

‘हं,’ म्हणाले. मास्क लावला, पट्टा ओढला, माझ्याकडे पाठ करून झोपले. पुन्हा कधी विचारलं नाही. त्या ‘हं’वर मी रोज पडून विचार करते. त्यांना ठाऊक आहे का? डॉक्टर काही बोलल्या का? की सहजच विचारलं? आता त्यांचा श्वास एकसारखा चालतो आणि मलाच झोप नाही.

ऐकू येत होतं मला. रोज येत होतं. दाराच्या आत मी जागी होते.